मोरचूद

माझा दादा पुस्तकं बांधायचा. लोक पुस्तकं वाचतात, हा ती दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त करताना एक ओळ वाचेल तर शपथ. "वाचत बसलो तर खळ वाळते," म्हणायचा. बांधणी त्याची आणि शिवण माझी. सुट्या झालेल्या पानांचे गठ्ठे मी मेण लावलेल्या दोऱ्यानं शिवायचे, मग तो त्यांना पाठ लावायचा, पुठ्ठे चढवायचा. माझे यजमान गेल्यावर मी त्याच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायला आले. जवळ राहिलं की भांडायला बरं पडतं, हे मुख्य कारण.

ह्या धंद्याला एकच वैरी. आग नाही, पाणी नाही, मुंगी. खळ म्हणजे मैदा शिजवून केलेली चिकट लापशी, आणि मैदा म्हटला की मुंग्यांना आमंत्रण लागत नाही. म्हणून खळ शिजतानाच तिच्यात मोरचूद घालायचं. निळे सुंदर खडे असतात, आणि शुद्ध विष. जास्त पडलं तर कागदावर डाग, कमी पडलं तर पुस्तकाच्या पाठीत मुंग्यांचा संसार. ते प्रमाण दादाच्या बोटांत होतं. मला कधी घालू दिलं नाही. "विष आहे ते, शेंडेफळा. चिमटीनं घालायचं असतं, मुठीनं नाही." मी सत्तरी ओलांडली तरी त्याच्या लेखी शेंडेफळच होते.

त्याला साखर होती, जुनी. ऐंशीच्या घरात गेल्यावर तिनं पाय धरले. तळपायांत आग आग व्हायची, टाचणी टोचल्यासारखं व्हायचं, आणि सतत मुंग्या. चादर पायाला लागलेली खपेना. आमच्या घराण्यात 'दुखतंय' म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे त्यानं त्याची थट्टा केली. "जन्मभर ह्यांना मोरचूद घातलं, आता सूड घ्यायला पायात शिरल्यात." झालं, घरात तोच शब्द रुळला. दुखणं असं कुणी म्हणायचंच नाही. सकाळी चहाचा कप हातात दिला की विचारायचं, "काय, आज मुंग्या काय म्हणतात?" आणि तो म्हणायचा, "वरात काढलीय." त्यावरून कळायचं, रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

त्याची मुलगी त्याच्याजवळच राहते. लहानपणी इतकी हडकुळी होती की दादानं तिचं नाव काडी ठेवलं. आता काडीची मोळी झालीय, पण नाव बदललं नाही. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत ती फोनवर तक्रारी घेते, बरेच दिवस घरूनच, कानाला ते यंत्र लावून. लोक रामायण सांगतात आणि काडी ते एका ओळीत बसवून कारागिराला कळवते. म्हातारी अडकली, शेजारी धावले, मूल रडलं, हे सगळं गाळून 'दार लागत नाही, तिसरा मजला.' ह्यात तिचा हात धरणारा कुणी नाही. मला तिचं कौतुकच होतं. माझ्यासारख्या बडबडीला तर ती मधेच तोडून म्हणते, "आत्या, मुद्द्याचं सांग."

तिनंच त्याला नसांच्या डॉक्टरांकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टर तरुण, वागायला गोड, बाहेर ही रांग. त्यांनी दादाच्या पायाला कापूस लावून पाहिला, सुई टोचून पाहिली, आणि रात्री घ्यायची एक लहान कॅप्सूल लिहून दिली. "ह्यानं झोप येईल, चक्कर येऊ शकते, उठताना जपून," म्हणाले. "रक्त तपासलंय ना?" काडी म्हणाली, तपासलंय. खोटं नव्हतं. तपासलं होतं, फक्त बरंच आधी. तो कागद कुणी मागितला नाही, आम्हीही पुढे केला नाही.

आणि खरं सांगते, कॅप्सूल लागू पडली. दुसऱ्याच आठवड्यात दादा अनवाणी स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा करायला लागला. "वरात पांगली," म्हणाला. शेजारच्या गुरुजींचा एक जुना नकाशांचा ग्रंथ दुरुस्तीला आला होता, तोही त्यानं हौसेनं हाती घेतला. मी पानं शिवून दिली. मग माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं, आधी एक, मग दुसरा, आणि मी मुलाकडे गेले. निघताना दादा म्हणाला, "नवे डोळे बसवून ये. मग तुझी शिवण किती वाकडी असते ते तुलाच दिसेल."

मी तिकडे असताना काडीचे फोन यायचे. आधी म्हणाली, मुंग्या पुन्हा आल्यात, डॉक्टरांनी फोनवरच औषध वाढवलं. मग म्हणाली, पाय सुजलेत, सुजेला लघवीची गोळी दिलीय. मग परत मुंग्या, परत औषध वाढलं. मग एकदा म्हणाली, "आत्या, बाबांना हल्ली काही समजत नाही गं. दिवसभर पेंगतात. काल मला आईच्या नावानं हाक मारली. वय झालं त्यांचं." मुलानं लगेच म्हण ऐकवली, साठी बुद्धी नाठी. माझ्या दादाला ऐंशीव्या वर्षी दोऱ्याच्या रिळाचेसुद्धा भाव पाठ होते. मी मुलाशी दोन दिवस बोलले नाही.

परत आले ती थेट वर गेले, सामान खाली जिन्यातच टाकून. नव्या डोळ्यांनी सगळं लख्ख दिसत होतं, दिसायला नको होतं तेसुद्धा. दादा कामाच्या खोलीत खुर्चीत बसला होता. हनुवटी छातीला टेकलेली, गालांवर न केलेल्या दाढीचे खुंट, शर्टाची बटणं एक घर चुकवून लावलेली. पावलं सुजून सपाता फाकल्या होत्या. नकाशांचा ग्रंथ वरच्या फळीवर तसाच, पाठ लावलेली, पुठ्ठ्याविना. टेबलावर खळीचं भांडं, आतल्या खळीला वाळून तडे गेलेले.

"दादा," मी म्हटलं.

त्यानं मान वर केली. मला ओळखलं की नाही कोण जाणे. जीभ जड झाली होती. "झाक," म्हणाला. "झाक लवकर. मुंग्या आल्यात."

पलीकडच्या खोलीतून काडी कानाचं यंत्र काढत आली. चेहरा उतरलेला, डोळ्यांखाली काळं. "ऐकलंस? रोज हेच. मुंग्या आल्या, मुंग्या आल्या. एवढं औषध देऊनही पाय शांत होत नाहीत. थांब, डॉक्टरांना कळवते." आणि तिनं फोन उचललाच. तिची रीतच ती. मुद्दा सापडला की फोन.

मी दादाकडे बघत होते. तो पायांकडे बघतच नव्हता. तो भिंतीकडे बघत होता. खिडकीच्या कोपऱ्यापासून टेबलापर्यंत त्याची नजर हळूहळू सरकत होती, रांग न्याहाळावी तशी. मग त्यानं हात पुढे केला आणि भिंतीवरून चार बोटं अशी फिरवली, मुंग्यांची रांग पुसून काढायला आम्ही दोघांनी ह्याच खोलीत हजारदा फिरवली होती तशी.

"मोरचूद कुठंय?" तो म्हणाला. "मोरचूद घातलंच नाही कुणी."

पायाला मुंग्या आल्यावर कुणी मोरचूद मागत नाही.

"काडे," मी ओरडले, "ठेव तो फोन! ह्याच्या पायात नाहीत मुंग्या. भिंतीवर आहेत."

ती वळली, भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "भिंतीवर तर काहीच नाहीये, आत्या."

"तेच सांगतेय ना मी!"

तिला कळायला क्षणभर लागला. ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. पलीकडून डॉक्टर 'हॅलो, हॅलो' करत होते. मी तिच्या हातातून फोन घेतला, आणि नीट ऐकू यावं म्हणून आम्ही दोघी बाहेरच्या बोळात आलो. ते जे काही दोन पावलांचं अंतर पडलं, ते पडायला नको होतं.

मी डॉक्टरांना रामायणच सांगितलं. एक ओळ गाळली नाही. खळ, मोरचूद, भिंत, पेंगणं, जड जीभ, आईच्या नावानं हाक. डॉक्टर मधे एकदाही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांना लघवी होते का नीट?" काडी म्हणाली, कमी झालीय. "किडनीची तपासणी कधी केली होती?" काडीनं सांगितलं. "आत्ता घेऊन या," ते म्हणाले. "कॅप्सूल एकदम बंद करू नका, पण आजची मी सांगेपर्यंत देऊ नका. आणि त्यांना एकटं—"

तेवढ्यात आत धाडकन आवाज झाला.

नकाशांच्या ग्रंथाला मुंग्या लागतील म्हणून तो स्टुलावर चढला होता. ज्याला धड उभं राहता येत नव्हतं तो माणूस दुसऱ्याचं पुस्तक वाचवायला स्टुलावर चढला. आम्ही धावलो तेव्हा तो जमिनीवर आडवा होता, एक पाय नको तसा वळलेला, आणि तो ग्रंथ त्यानं पोटाशी धरला होता. एक पान दुमडलं नव्हतं.

खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलात रक्त तपासलं तेव्हा कळलं, किडन्या बऱ्याच थकल्या होत्या. जी कॅप्सूल धडधाकट माणसाच्या अंगातून रोज लघवीवाटे निघून जाते ती ह्याच्या अंगात साठत गेली, रोज थोडी थोडी. पाय सुजले तेही बहुतेक तिच्यामुळेच, आणि त्या सुजेवर दिलेल्या गोळीनं किडन्यांना आणखी पिळलं. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ह्या वयात, असल्या किडन्यांना, ते औषध अगदी थोडं द्यायचं, सावकाश वाढवायचं, आणि वाढवायच्या आधी दर वेळी माणूस डोळ्यांनी बघायचा. हे मला डॉक्टरांनीच सांगितलं. ते रोज यायचे. एकदा दादाच्या पलंगाशी उभे राहून म्हणाले, "मी नुसतं 'मुंग्या' ऐकलं आणि औषध वाढवलं. कुठे येतात, कशा दिसतात, एवढं विचारायला हवं होतं. चुकलं माझं." मी त्यांना फाडून खायच्या तयारीत होते, पण इतकं सरळ बोलणाऱ्याला काय फाडणार? मी म्हटलं, "बसा." ते बसले नाहीत, पण बराच वेळ उभे राहिले.

औषध हळूहळू उतरवलं तसा दादा वर आला. अंधाऱ्या जिन्यातून कुणी एकेक पायरी चढत यावं तसा. आधी डोळे आले, मग जीभ, मग थट्टा. एके सकाळी मला बघून म्हणाला, "डोळे बसवलेस? आता सांग, शिवण वाकडी होती की नाही?" मी त्याच्या उशाशी बसून ढसाढसा रडले. इतकं की नर्स मलाच गोळी द्यायला निघाली.

पण हाड मोडलेला ऐंशी वर्षांचा माणूस आडवा पडला की छाती भरते. ऑपरेशन झालं, आणि मग खोकला सुरू झाला, मग ताप. औषध कमी झाल्यामुळे पायांची आगही परत आली होती, आणि ती तर आता खरीखुरी होती. चादरीला तो पाय लागू देत नव्हता. ह्या खेपेला डॉक्टर रोज विचारायचे, कुठे, किती, कसं, आणि अगदी चिमटीनं औषध द्यायचे. दादाला ते पाहून हसू यायचं. "शिकला," म्हणाला.

एका दुपारी काडी खाली औषधं आणायला गेली होती. दादा छताकडे बघत म्हणाला, "शेंडेफळा, तेव्हा पाय गार होते गं. अगदी शांत. पहिल्यांदा औषध वाढलं तेव्हापासूनच. भिंत चालत होती. सगळी भिंत. मी रोज सांगायचो तिला." मग थोडं थांबून, "तिला काय वाटलं असेल?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं, पण मला कधी काही पोटात ठेवता आलेलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले.

काडीची अवस्था वेगळीच होती. ती त्याचं सगळं करायची, तोंड पुसायची, कूस बदलायची, पण त्याच्या डोळ्यांत बघायची नाही. जेवणाचा डबा उघडायची आणि तसाच झाकायची. एकदा मला बाहेर गाठून म्हणाली, "माझ्या तोंडानं गेलं ते, आत्या. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ते विष मी एका ओळीत मागून घेतलं बाबांसाठी." मी म्हटलं, वेडी आहेस का. पण वेडी नव्हती. जे म्हणत होती ते चूक नव्हतं.

शेवटी एके संध्याकाळी तिनं धीर केला. दादाला श्वास लागत होता, पण शुद्ध लख्ख होती. ती पलंगाच्या काठावर बसली. "बाबा, एक विचारू? मी डॉक्टरांना फोन करायचे, मुंग्या वाढल्या म्हणून. तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या म्हणत होतात ना? पहिल्यापासून?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. अगदी थोडा वेळ. लहानपणी मोठ्यांसमोर काही फुटलं की तो असाच बघायचा, तू गप्प राहा म्हणून.

"छे गं," तो म्हणाला. "पायातल्याच. भिंतीवर दिसल्या त्या एकाच दिवशी, पडलो त्या दिवशी. त्याआधी पायातल्याच. असह्य व्हायचं मला. तू फोन करायचीस म्हणून निभलं."

"खरंच?"

"तू बरोबर सांगितलंस. शब्दाला शब्द." त्याला धाप लागली, तरी त्यानं वाक्य पुरं केलं. "आत्याचं काही ऐकू नकोस. तिचे डोळे नवे आहेत, तिला नसलेलं पण दिसतं."

काडी वाकली आणि तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं. त्याचा हात तिच्या केसांवर फिरत होता, बांधून झालेल्या पुस्तकाच्या पाठीवरून तो फिरवायचा तसा, कुठे फुगवटा राहिला का बघत. त्या रात्री ती पोटभर जेवली. दोन दिवसांनी दादा गेला. शेवटपर्यंत पाय जळत होते त्याचे, आणि त्यानं एकदाही मुंग्या हा शब्द काढला नाही.

नकाशांच्या ग्रंथाला मीच पुठ्ठे चढवले. खळ शिजवली, मोरचूद घातलं, पहिल्यांदाच माझ्या हातानं. चिमटीत खडे घेतले आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले. किती घालायचं हे विचारायला घरात कुणी नव्हतं. थोडंच घातलं. गुरुजी म्हणाले, छान झालंय. पुठ्ठा एका बाजूला तिरका बसलाय, त्यांना दिसला नाही, मला दिसतो.

हल्ली माझ्याही पायांना तसं काहीतरी व्हायला लागलंय. मी घरात बोलत नाही. डॉक्टरांना जाऊन एकटीच सांगून आले, सगळं रामायण, आणि त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं.

काडी मात्र मधूनच विचारते. फोन ठेवता ठेवता, जिना चढता चढता, काही संबंध नसताना. "आत्या, पायातल्याच होत्या ना गं?"

मला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. म्हणून तर ती मलाच विचारते.

"पायातल्याच," मी म्हणते. "तुझा बाप खोटं बोलेल का?"